सात दिवसांचं खमीर

अलेग्रा मावशी आमच्या नेपरव्हिलच्या घराला लागूनच राहते. वय सत्त्याऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि बोलताना हात असे चालतात की समोरच्याने आपला कप सांभाळावा. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती इकडे आली. पण ती "घरी" म्हणाली, की ते घर म्हणजे गालीलच्या सरोवराकाठचं तिबिरिया. तिथे तिचं ज्यू कुटुंब किती पिढ्यांपासून होतं, ते तिच्या आजोबांनाही सांगता यायचं नाही.

काळ्या दगडाची घरं, मधे एकच अंगण. समोर उम्म सालेह, म्हणजे सालेहची आई, ही मुसलमान शेजारीण. मावशीच्या घरी प्रार्थना हिब्रूत, अंगाई जुन्या स्पॅनिशसारख्या कसल्याशा बोलीत, आणि भांडण मात्र अरबीत, कारण ते अंगणभर समजायला हवं. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे, त्यामुळे कोण घोरतं ते आख्ख्या आळीला ठाऊक. हे ऐकून आई म्हणाली, आमच्या वाईलाही काळाच दगड. त्या दिवसापासून मावशीसाठी माझी आई पद्मजा राहिली नाही, उम्म सावनी झाली; सावनी म्हणजे मी.

मावशीचा मोठा सण पेसाह, म्हणजे वल्हांडण. त्या दिवसांत घरात आंबवलेलं काही ठेवायचं नाही. म्हणून तिची आई भाकरी आंबवायचं विरजण, म्हणजे खमीर, उम्म सालेहला देऊन टाकायची. चांदण्या दिसून सण संपला, की उम्म सालेह खमीर, दही आणि मध घेऊन दारात हजर. इथे गेली पंधरा वर्षं सणापुरतं मावशीचं खमीर आमच्या फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी असतं. पहिल्याच वर्षी ते उतू जायला लागलं, तशी घाबरून आई सणाच्या तिसऱ्याच दिवशी ते घेऊन तिच्या दारात. मावशीने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि मान हलवत राहिली, चोरी पकडल्यासारखी.

आता यातली गोम. हा सण मायभूमीत, म्हणजे तिबिरियाकडे, सात दिवस असतो. बाहेर राहणाऱ्यांनी आठ पाळायचे. पण जो चार दिवस पाहुणा आलाय, ज्याला परत जायचंय, त्याने सातच. मावशी साठ वर्षं सात पाळत आली. तिचा नवरा मॉरिस आठ पाळायचा. आठव्या दिवशी त्याच्यासमोर पाव खायला नको म्हणून ती आमच्याकडे येऊन खायची. तो कुंपणापलीकडून ओरडायचा, "पाहुणीला जेवायला घाला, तिची बोट चुकेल."

मॉरिसला जाऊन सहा वर्षं झाली. तिबिरियाला तिची भाची मीरा हिने एक खोली तिच्यासाठी राखून ठेवली होती. या मार्चमध्ये तिचा फोन आला: इमारत पाडून नवी बांधताहेत, येणार असलीस तर पेसाह संपल्यावर कळव, नाहीतर मी तुझ्या खोलीवरचा हक्क सोडते. मावशीने आईला हे सांगितलं आणि बराच वेळ टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत बसली.

मग ती एरवी न सांगितलेलं बोलली. अठ्ठेचाळीस साली ती दहा वर्षांची होती. ज्यूंचा देश व्हायला महिनाभर अवकाश होता. गावात गोळीबार झाला, आणि सणाच्या चार-पाच दिवस आधी अंगणापलीकडची घरं, उम्म सालेहचंही, रिकामी झाली. सण संपला तेव्हा तिची आई दार उघडून उभी राहिली होती.

"कोणी आलं नाही, उम्म सावनी. नंतर बाजारातून खमीर आणलं. भाकरी झाली. पण ते अंगण तेव्हाच संपलं."

सातव्या दिवशी संध्याकाळी आईने वाटीवर ताटली झाकली, दही-मध घेतला, आणि आम्ही दोघी उरल्यासुरल्या बर्फातून तिच्या दाराशी गेलो. दार उघडंच होतं. मावशीने आधी आकाशाकडे पाहिलं, मग ताटली उचलून आत पाहिलं. खमीर छान फुगलं होतं.

"चांगलं सांभाळलंस," ती म्हणाली आणि ताटली परत ठेवली. "उद्या आण."

आईला वाटलं दिवस मोजण्यात आपलीच चूक झाली. "मावशी, सात झाले."

"झाले. आणखी एक." तिने हात पाठीमागे घेतले, पहिल्या वर्षीसारखेच. "उद्या संध्याकाळी आण, मग मीराला फोन करायचाय. तू शेजारी बस."

 घरी येऊन आईने खमिरात मूठभर पीठ घातलं, आणि ते इडलीच्या पिठाशेजारी ठेवलं.