डाव्या बाजूची ऊब

अंगात येणं, भूत दिसणं असलं मी कधी मानलं नाही. मोटार हाकणारा माणूस मी... हाताला लागेल तेवढंच खरं समजणारा. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी बेळगाव–निपाणी रस्त्यावर माझी जुनी टॅक्सी होती. इंजिन आणि आपल्यामध्ये नुसती पत्र्याची भिंत. संकेश्वर येईपर्यंत तळपाय भाजायचे, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं कळू नये.

शेजारी कधीमधी माझी बायको कृष्णा असायची. वडगावच्या विणकरांची लेक. लहानपणापासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली. त्या ओलीनं तिचे पाय बारा महिने गार. गाडीत बसली की चपला काढून दोन्ही पावलं त्या तापल्या पत्र्याला टेकायची.

एकदा मी म्हटलं, "भिंतीला आतनं लोकरीचा नमदा लावून घेतो गं. तू काय बोलतीस ते तरी ऐकू येईल."

"तुमच्या बाजूला लावा," ती म्हणाली. "माझ्या न्हाय. मला लई बरं वाटतंय हितं."

अर्धी भिंत झाकून आवाज कसा थांबणार? राहून गेलं. त्याच वर्षी ती तापानं गेली.

वर्षभरानं पाशिंजरांच्या तक्रारींमुळं बसाप्पा मेस्त्रीकडून सगळी भिंत झाकून घेतली — आधी ॲस्बेस्टॉसचा पत्रा, त्यावर लोकरीचा जाड नमदा. निपाणीला जाऊन आलो. गाडी इतकी शांत, की सवयीनं डावीकडे वळून मी काहीतरी बोललो. आता उत्तर ऐकू आलं असतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी बसाप्पा स्क्रू आवळायला आला. थंडीचे दिवस, गाडी रात्रभर छपरीत उभी. डाव्या बाजूला हात लावला आणि तो थांबला.

"अण्णा, गाडी चालू केलतास काय?"

"न्हाय."

"मग हे गरम कसं?"

मी हात लावला. नमद्यावर दोन जागा उबदार होत्या — पावलाएवढ्या, शेजारी-शेजारी. बाकी सगळं गार. बसाप्पानं बॉनेट उघडून इंजिनावर तळवा ठेवला. थंडगार.

"काढून बघूया आत काय हाय?"

"नको," मी म्हटलं.

त्या दिवशी पुढच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. मागं पाशिंजर होते, तरी काकतीपासून मी हळू आवाजात बोलत राहिलो. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं ते सांगितलं. तिचा माग तिच्या भावाला दिला ते सांगितलं. इतक्या खेपांत ती काय काय बोलायची ते कधी धड ऐकलं नाही, तेही सांगितलं.

निपाणीत उतरून डावीकडे हात लावला. इंजिन उकळत होतं आणि नमदा गार. काम चोख झालं होतं.

पुन्हा कधी ती ऊब लागली नाही. बसाप्पा म्हणायचा, ऊन पडलं असेल. छपरीत ऊन येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

आठवड्यानं डाव्या बाजूचं सगळं मी काढून टाकलं. पाय भाजतात म्हणून पाशिंजर कुरकुरायचे, चांगलं होतं ते का काढलं विचारायचे. मला सांगता यायचं नाही... अजूनही येत नाही.