तेरेदेसाईंची एकेरी रेल्वे

नेरूळ स्टेशन बारा वर्षं माझ्या दिवाणाखाली होतं. सानपाडा समोरच्या विंगेत, बेलापूर तळमजल्यावर आणि वाशी अर्थातच तेरेदेसाईंच्या घरी, अरुणावहिनींच्या पलंगाखाली. खऱ्या वाशीत तेव्हा रेल्वेचा एक रूळही नव्हता. आमच्या गॅलरीतून पत्र्याचा एक बोर्ड मात्र दिसायचा, ‘नियोजित रेल्वे स्टेशन’ असा. त्याच्या खांबाला कोणीतरी बकऱ्या बांधायचं.

या बोर्डावर ज्या एकाच माणसाचा पूर्ण विश्वास होता ते म्हणजे दिनानाथ तेरेदेसाई. तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. शहात्तर साली परळची खोली सोडून ते आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आले तेव्हा म्हणाले, “दोन वर्षांत गाडी येते.” अठ्ठ्याहत्तरमध्येही ते हेच म्हणत होते आणि ब्याऐंशीतही. माणूस खोटारडा नव्हता हो. त्यांची ती दोन वर्षं संपतच नव्हती, एवढंच.

त्या दोन वर्षांची खरी गरज होती अरुणावहिनींना. त्या फोर्टमधल्या एका कंपनीत टायपिस्ट होत्या, आणि साध्यासुध्या नाही, सगळ्या ऑफिसात सगळ्यात भरभर हात चालायचा तो यांचाच. वाशीहून बस पकडायची, पूल ओलांडून मानखुर्दला उतरायचं, तिथून गाडीनं बोरीबंदर. बस कधी यायची, कधी नाही. तीन लेटमार्कांना एक रजा कापायचे. वर्षभर ओढाताण करून सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा त्यांचे साहेब म्हणाले, “गाडी सुरू झाली की या, तुमची खुर्ची आहे. फक्त अठ्ठावन्नच्या आत या, नाहीतर माझा इलाज नाही.” वहिनी तेव्हा सेहेचाळीसच्या होत्या. बारा वर्षं हातात. कोणाला वाटेल कमी आहेत? दूध तापत ठेवलं की ओट्यावर त्यांची बोटं टकटक चालायची. विचारलं तर म्हणायच्या, “हात जड व्हायला नकोत.”

इकडे तेरेदेसाईंना वाट बघवेना. त्यांच्या मेहुण्यानं बोटीवरून एक खेळातली आगगाडी आणून दिली होती. डालडाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी तिला लोकलचे डबे केले, पिवळा-तपकिरी रंग दिला आणि सरकारला जमत नव्हतं ते घरी करायला घेतलं. पण दोन खोल्यांत रेल्वे मावणार कुठे? मग त्यांनी तुकडे पाडले. एक स्टेशन, एक फळी, चार फूट लांब. एकेक फळी एकेका घरी, दिवाणाखाली. वर्षातून एकदा, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळ्या फळ्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत आणायच्या, बोल्ट लावून जोडायच्या आणि गाडी सोडायची. फळीच्या टोकाला रूळ बरोब्बर कुठे यायला हवेत, उंची किती, भोकं कुठे, याचा नियम त्यांनी लिहिला आणि वहिनींनी तो नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या मशीनवर टाइप करून आणला. “मधे काय वाट्टेल ते करा,” तेरेदेसाई सांगायचे, “टोकं माझी.”

मग लोकांनी काय वाट्टेल ते केलं. आमच्या जयप्रकाशरावांनी नेरूळच्या प्लॅटफॉर्मवर उसाचं गुऱ्हाळ टाकलं, बायको आणि स्टेशनमास्तर या दोघांनाही न विचारता. सानपाड्याची फळी गोटीराम पाटलांकडे गेली. ते मूळचे इथले, जमीन शहरासाठी गेल्यावर रेती-विटांचा धंदा करणारे. त्यांनी आधी फळीवर वाकून नीट पाहिलं.

“तेरेदेसाय, ह्या टेशनाखाली माजी दोन एकर भाताची जमीन हाय.”

“होती,” तेरेदेसाई म्हणाले. नकाशात एकदा गेलेली गोष्ट त्यांच्या लेखी गेलेलीच असायची.

“बरं, होती.” गोटीरामांनी फळी नेली आणि पुढच्या सव्वीस जानेवारीला आणली तेव्हा रुळांच्या पलीकडच्या रिकाम्या पट्ट्यात हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा दाटून चिकटवलेला. “गाडी येल तवा येल,” ते म्हणाले, “तवर पीक तरी घेतो.”

पहिल्याच वर्षी गाडी सुंदर धावली. मानखुर्दहून निघाली, पुठ्ठ्याचा खाडीपूल ओलांडला, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर करत पुठ्ठ्याच्या डोंगरात शिरली. टाळ्या पडल्या. डोंगरामागे स्टुलावर बसलेल्या तेरेदेसाईंनी गाडी उचलली, पंच्यात गुंडाळली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत चालत जाऊन परत मानखुर्दला ठेवली. गाडी पुन्हा निघाली.

अरुणावहिनींनी विचारलं, “अहो, आणि जायची गाडी?”

“कुठे जायची?”

“मुंबईला.”

“दुहेरी मार्गाला फळी पुरत नाही.”

“मग बटण उलटं फिरवा ना. आहे तीच मागे जाईल.”

“एका मार्गावर दोन्ही बाजूंनी वाहतूक?” तेरेदेसाईंना खरंच धक्का बसला. “अपघात होईल, अरुणा.”

“गाडी एकच आहे. धडकणार कोणाला?”

पण ते तेरेदेसाईंचं तत्त्व होतं. तत्त्ववाल्या माणसाला उत्तराची गरज कुठे असते! खरं कारण मला तेव्हाच कळलं होतं आणि मी ते आज उघड सांगते. पाचही स्टेशनांवर त्यांनी प्लॅटफॉर्म काढला होता तो एकाच बाजूला, मुंबईहून येणाऱ्यांसाठी. स्वतः तेरेदेसाई रोज सकाळी कंपनीच्या बसनं उलट्या दिशेला, तळोज्याला जायचे. मुंबईला जायचं काम त्यांना कधी पडलंच नाही. घरात ज्या एका माणसाला पडत होतं, ते त्यांच्या ड्रॉइंगमध्ये आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वाशीच्या फळीवर एक नवीन बाई दिसली. काडेपेटीच्या काडीची, हिरवी साडी, खांद्याला पर्स. प्लॅटफॉर्म सोडून ती रुळांच्या पलीकडे उघड्या जमिनीवर मुंबईकडे तोंड करून उभी. ती हिरवी साडी मी ओळखली. वहिनी सोमवारी ऑफिसला तीच नेसायच्या.

तेरेदेसाईंनी चिमटीत धरून बाईला प्लॅटफॉर्मवर आणलं. “रूळ ओलांडणं गुन्हा आहे.”

“ओलांडत नाहीये ती. उभी आहे,” वहिनी म्हणाल्या.

“तिथे प्लॅटफॉर्म नाही.”

“म्हणूनच उभी आहे.”

बाई परत पलीकडे गेली. हे पुढे दरवर्षी चाललं. तेरेदेसाई तिला अलीकडे आणायचे, वहिनी पलीकडे ठेवायच्या. एका वर्षी तर तेरेदेसाईंनी बारीक अक्षरात बोर्डच लावला, ‘रूळ ओलांडू नयेत’. मला इतका संताप आला की त्या वर्षी मी नेरूळ खाली पाठवणारच नव्हते. जयप्रकाशरावांनी माझी नजर चुकवून ते नेलं.

मग खाडीत खऱ्या पुलाचे खांब दिसू लागले. तेरेदेसाईंनी अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले. वहिनींनी ऑफिसच्या साड्या काढून गच्चीवर ऊन दाखवलं आणि इस्त्री करून ठेवल्या. दर रविवारी आम्ही दोघी गच्चीवर जाऊन खांब मोजायचो.

“अठ्ठावन्नला अजून अडीच वर्षं आहेत,” त्या म्हणाल्या. “जमेल, नाही का हो वैजयंती?”

“जमेल की,” मी म्हणाले. मला तरी दुसरं काय म्हणता येणार होतं?

खांब आपल्या गतीनं वाढत होते. त्यांना कुठे कोणाचा वाढदिवस ठाऊक होता! अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात बारा तारखेला वहिनींना अठ्ठावन्न पूर्ण झाली. मी शिरा घेऊन गेले. त्यांनी तो खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या. दूध ओट्यावर तापत होतं आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

सव्वीस जानेवारीला फळ्या जोडल्या गेल्या. तेरेदेसाई सवयीनं वाशीपाशी आले, दोन बोटांची चिमूट तयारच ठेवून. रुळांच्या पलीकडे कोणी नव्हतं. अलीकडे नव्हतं. त्यांनी फळीखालीसुद्धा वाकून पाहिलं.

“ती कुठाय?”

“रिटायर झाली,” वहिनी म्हणाल्या.

“कधी?”

“बारा डिसेंबरला.”

त्यांनी चिमूट सोडली. बारा वर्षांचा हिशेब ड्राफ्ट्समनला लागायला किती वेळ लागावा? बराच लागला. मग ते डोंगरामागे जाऊन बसले. गाडी सुटली, सगळी स्टेशनं घेत डोंगरात शिरली, आणि पंच्यातली गाडी घेऊन कोणी मानखुर्दकडे चालत आलं नाही. पोरं ओरडली, मोठी माणसं घड्याळं बघू लागली. त्या वर्षी रेल्वे एकदाच धावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या सगळ्यांच्या दिवाणांखालून फळ्या ओढून काढल्या. दोन महिने त्यांच्या घरातून करवतीचा आवाज यायचा. प्रत्येक फळीला नऊ इंचांची जोडफळी लावली, दुसरा मार्ग टाकला. एप्रिलमध्ये, ना झेंडा ना सण, त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. मी खोटं बोलणार नाही. आयुष्यात त्या माणसानं केलेलं सगळ्यात देखणं काम होतं ते. वाशीला मुंबईच्या दिशेचा नवा प्लॅटफॉर्म, त्यावर कौलारू छप्पर, घड्याळ, पाण्याचा नळ, बायकांची खोली आणि येणारी गाडी दिसेल अशा बेतानं ठेवलेला बाक.

सानपाड्याचा भुसा दुसऱ्या रुळांखाली गेला होता. गोटीराम हसले, “दुसऱ्यांदा गेली जमीन.”

गाडी बेलापूरहून सुटली आणि पहिल्यांदाच मुंबईकडे निघाली. वाशीला तेरेदेसाईंनी ती थांबवली. मग सगळ्यांसमोर त्यांनी वहिनींपुढे हात पसरला. इतकी वर्षं चिमटीत धरून तिला उचलणारा तो हात आता उताणा होता. माझा राग तेवढ्यापुरता गेला.

“दे तिला,” ते म्हणाले. “आता जागा केलीय.”

वहिनींनी त्या बाकावरून बोट फिरवलं. नळाला हात लावला. “बाक छान झालाय,” त्या म्हणाल्या.

तेरेदेसाईंचा हात तसाच पुढे होता. गाडी थांबलेली. वहिनींनी सगळ्यांसाठी आणलेल्या चहाच्या ट्रेमधली एक कपबशी उचलली, त्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “चहा घ्या. गार होतोय.”