मोठ्या डॉक्टरांचा हिरवा ठिपका

मोठ्या डॉक्टरांनी उभ्या जन्मात बायकोला विचारून साधा रुमालही घेतला नव्हता, तेव्हा लेझर पॉइंटर घेताना तिचं ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. "घरात तो जुना लाल आहे की," ती म्हणाली. "तो पोरखेळ आहे," असं म्हणून डॉक्टर बाजारात गेले.

गरज तशी मोठी होती. डॉक्टरांचं निवृत्तीचं वय झालं होतं. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी मुदतवाढ दिली तरच यापुढे ऑपरेशनं करता येणार होती, आणि त्यासाठी त्यांच्यापुढे पडद्यावर चित्रं दाखवून आपलं काम समजावून सांगायचं होतं. अडचण एवढीच, की डॉक्टरांचा उजवा हात थरथरू लागला होता. फार नाही, थोडासाच. पण लोकांची पोटं उघडणाऱ्या माणसाच्या बाबतीत थोडासाच म्हणजे काय, हे का सांगायला हवं? ऑपरेशनला शेजारी उभ्या राहणाऱ्या सिस्टरला ते ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मात्र ते ठाऊक करून घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं. चहा सांडला की ते कपाला नावं ठेवत, सही बिघडली की पेनाला.

दुकानात त्यांनी दुकानदाराला जीव नकोसा करून सोडला. आधी बोटाएवढा एक पॉइंटर पुढे आला. त्यात बटण सेल होते.

"हे टिकतात का?"

"फार नाही टिकत साहेब, ठिपका फिका पडत जातो. पण एका सभेपुरतं भागेल."

"मला भागवायचं नाहीये," डॉक्टर म्हणाले.

चार्जिंगचा दाखवला, तर ऐन वेळी त्याने मान टाकली तर काय, म्हणून तोही परत गेला. शेवटी दोन पेन्सिल सेलवर चालणारा, जाडजूड, हिरव्या उजेडाचा पसंत पडला. लालपेक्षा हिरवा ठिपका लांबून कितीतरी ठसठशीत दिसतो, असं दुकानदार म्हणाला आणि डॉक्टर खूश झाले. सेलही साधे चालेनात. भारीतले अल्कलाइनच हवेत, तेसुद्धा पाकीट डोळ्यांदेखत फोडलेले. ते आत बसवायचं काम मात्र त्यांनी दुकानदाराकडूनच करून घेतलं, कारण असली किरकोळ कामं ते करत नसत. एवढी पारख त्यांनी स्वतःच्या हाताची केली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

सभेत दिवे मालवले गेले. पडद्यावर एका उघडलेल्या पोटाचं चित्र होतं आणि त्यात आतड्याला चिकटून गेलेली एक रक्तवाहिनी.

"इथे," डॉक्टर रुबाबात म्हणाले, "केसाइतकीही चूक चालत नाही."

आणि त्यांनी बटण दाबलं. लखलखीत हिरवा ठिपका पडद्यावर उमटला आणि नाचायला लागला. रक्तवाहिनीवरून आतड्यावर, आतड्यावरून यकृतावर, तिथून परत. हातातली जराशी थरथर पडद्यावर जाऊन वीतभर झाली होती. बटण सेल असते तर निदान ती फिकी तरी दिसली असती.

विश्वस्तांनी ते पाहिलं. कुणी चष्मा पुसला, कुणी बिस्किट उचललं. अध्यक्षांचं स्वतःचं पोट डॉक्टरांनीच एकेकाळी उघडून शिवलं होतं. ते खाकरले.

"सेल उतरलेत वाटतं, डॉक्टर."

"हो ना," डॉक्टर म्हणाले. "हल्ली सगळा टाकाऊ माल."

मग टाळ्या झाल्या आणि मुदतवाढ मंजूर झाली. ज्यांची पोटं यापुढे उघडायची होती, त्यांची आठवण त्या भल्या मंडळींपैकी एकालाही झाली नाही. चहा चांगला होता.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले ते दुकानदाराला शिव्या घालतच. "मुदतवाढ मिळाली. पण त्या लबाडाने सेल उतरलेले दिले. ठिपका नुसता नाचत होता."

बायकोने हात पुढे केला. "बघू."

तिने उभ्याउभ्याच पॉइंटर समोरच्या भिंतीवर रोखला आणि बटण दाबलं. ठिपका खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी राहिला. आजवर तिने नवऱ्याचं किती काय झाकून घेतलं होतं. आताही मनगट जरासं हलवलं असतं तर त्यांची इभ्रत राहिली असती. तिने ते हलवलं नाही. डॉक्टर भिंतीवरून नजर वळवेपर्यंत तिने बटणही सोडलं नाही.

"उद्या ऑपरेशन कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"एका मुलीचं."

"केवढी आहे?"

डॉक्टर खुर्चीत बसले. मग त्यांनी फोन घेतला आणि रुग्णालयातल्या धाकट्या डॉक्टरांना लावला. या धाकट्यांना ते आजवर चारचौघांत वाटेल ते बोलत आले होते.

"उद्याचं ऑपरेशन तू कर," ते म्हणाले. "परवाचंही. यापुढची सगळीच."

"का सर? बरं नाही का?"

"माझा हात थरथरतो," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे, सर," धाकटे डॉक्टर म्हणाले. "आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे."