गाईचं रक्त आधी तपासलं

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर राहू गावी आमच्या गोठ्यात पहिली संकरित गाय आली. सासरे दूध सोसायटीचे पंच होते, त्यामुळं गावात आधी मान आमचा. गाय सासऱ्यांची, कौतुक सासऱ्यांचं, शेणघाण आणि धार मात्र माझ्याकडं. मी घरातली एकुलती सून.

सातव्या महिन्यात गाय गाभडली. वासरू मेलेलं पडलं आणि वासराभोवतीची वार आत अडकली. सासूबाई गोठ्याच्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, "घाल हात. डाक्टर कवा यायचा?" ऊस सोलून माझे हात पाचटानं चिरलेले होते. तसेच घातले, वार ओढून काढली, राखेनं हात धुतले आणि भाकरी थापायला बसले.

पुढं काही आठवड्यांनी ताप सुरू झाला. दिवस कलला की हुडहुडी भरायची, पहाटे घामानं गोधडी भिजायची. सकाळी ताप उतरलेला असायचा, म्हणून कुणाचा विश्वास बसेना. कंबर अशी धरायची की घागर उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. सासूबाई म्हणत, "सकाळी चांगली असतीस, सांजच्या धारंच्या येळंलाच कशी गं कण्हतीस?" ह्यांनी दवाखान्यातून मलेरियाच्या गोळ्या आणल्या. त्यांनी काही झालं नाही. तेव्हा मला दिवस गेलेले होते, तेही गेले. घरात त्यावर एवढंच बोलणं झालं की हिला पोटातलंबी राखता आलं न्हाई.

मग दुसरी गाय गाभडली. आता मात्र घर हललं. दुसऱ्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं साऱ्या जनावरांच्या मानेतून रक्त घेतलं आणि काही दिवसांनी परत आला. सासऱ्यांना पटावं म्हणून ओसरीवर एक पांढरी फरशी ठेवली, तिच्यावर रक्तातल्या निवळीचा थेंब आणि गुलाबी औषधाचा थेंब काडीनं एकत्र केला. बैलाचा थेंब तसाच राहिला. दोन्ही गायींचे नासलेल्या दुधासारखे फुटले.

"रोगाशी झगडायला जनावराच्या अंगात काही द्रव्यं तयार होतात," तो म्हणाला. "ती रक्तात असली की अशा गुठळ्या धरतात. दोन्ही गायींना ब्रुसेलाचा, गाभ पाडणारा रोग आहे. ह्यांना वेगळं बांधा. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि कुणाला विकू नका."

मी दाराआड उभी होते. विचारलं, "डॉक्टर, माणसाला होतो का ह्यो?"

सासऱ्यांनी वळून बघितलं. डॉक्टर म्हणाला, "होतो. वार कुणी काढली होती?"

मग मीच म्हणाले, "मी."

"ताप येतो?"

"रोज येतो."

"पुण्याला जाऊन रक्त तपासून घ्या. उशीर करू नका."

तो गेल्यावर हे म्हणाले, "ढोराच्या डाक्टरचं ऐकून आता बायका पुण्याला न्यायच्या व्हय?" विषय तिथंच संपला. त्या संध्याकाळी गायींसाठी वेगळं छप्पर घालायचं मात्र ठरलं.

पंचमीला दादा केंदूरहून मला माहेरी न्यायला आला. माझं तोंड बघून त्यानं मला परस्पर पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरला मी गायीचं सांगितलं तेव्हा तो आधी हसला. रक्ताचा निकाल आला तेव्हा हसला नाही. "बाई, तुमचं अंग या रोगाशी कधीचं झगडतंय," तो म्हणाला. मला रडू आलं. रोगाची भीती नव्हती वाटली. मी खोटं कण्हत नव्हते, हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं.

इंजेक्शनं आणि गोळ्या संपवून सासरी आले, तर ओसरीवर वरवंडचं एक जोडपं पहिली गाय बघायला आलेलं. सासरे सांगत होते, "गुणाची हाय. लाथ मारत न्हाई." ती बाई गायीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी चहा पुढं केला आणि तिला म्हणाले, "ताई, ही गाभडलीय. हिच्या रक्तात रोग निघालाय. मलाबी त्योच झाला."

ती दोघं चहा न घेता उठली. सासरे ओरडले नाहीत. ह्यांना फक्त म्हणाले, "हिला केंदूरला सोडून ये."

मी माहेरी असतानाच दोन्ही गायी बाजारात गेल्या, कुणाला ते मला सांगितलं नाही. सासूबाईंना काम झेपेना तेव्हा हे मला न्यायला आले. मी गेले. दादाच्या घरात तरी किती राहणार होते?

पुढं सोसायटीच्या सभेत सासऱ्यांनी या रोगावर भाषण केलं. जनावरांचं रक्त तपासून घ्या, वासरांना लस टोचा, दूध उकळा, सगळं बिनचूक सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं बायकांत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं, मामंजी," मी म्हणाले आणि आत जाऊन आडवी झाले. कंबर फार दुखत होती.