उंब्रजच्या बाजारात वाटलेलं दुसरं पत्रक

अन्याय झाला तो एका अंगणवाडी मदतनीस बाईवर. गेल्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता तिच्या दळणाचा डबा गिरणीवरून तसाच परत आला. गावाचं नाव सांगत नाही. एकदा सांगून चूक केलीय.

आमची बैठक इस्लामपुरात भरते, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, एका निवृत्त विज्ञान शिक्षकांच्या गच्चीवर. देव, धर्म, विज्ञान, माणसानं माणसाशी कसं वागावं, कशावरही बोला. अट एकच, "कशावरनं?" असं कुणी विचारलं तर चिडायचं नाही. नवीन माणसानं आधी आपण काय सोडलं ते सांगायचं. कुणी उपास सोडलेला असतो, कुणा माजी फौजीनं दंडातला गंडा. ही मदतनीस बाई पन्नाशीची. पदर मागं सारून म्हणाली, "मी जट सोडली. अकरा वर्सं देवीची म्हणून डोक्यावर वागवली. मान लय दुखायची. तुमच्यातल्या ताईंनी कापली." मग स्वतःच हसली. "देवी काय केसातच ऱ्हाती व्हय?"

गच्ची हसली. मी लिहून घेत होते.

मी पत्रकं लिहिते. आम्हाला शिकवलंय, कोण, कुठं, कधी हे नसेल तर त्या नुसत्या गप्पा. तिचं नाव तेवढं गाळलं. बाकी गाव, काम, वय म्हणूनच ठेवलं. तिला विचारलं होतं. "छापा की," म्हणाली. कुठं वाटणार ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उंब्रजच्या बाजाराला तिच्याच गावची माणसं येतात. त्यांना ते पत्रक मी माझ्या हातानं दिलं. त्या गावात मदतनीस एकच आहे.

त्या सोमवारी गिरणीवरून परत आल्यावर तिनं फोन केला. आवाज अगदी दबका.

"बाई, तुमचा कागद देवळाच्या खांबाला लावलाय. गावात मी सांगितलेलं, जट आपसूक गळली, देवीनंच नेली. आता म्हनत्यात, खोटं बोलून हिनं कोप आनला. दोन पोरांना ताप हाय. कुनी पोरं धाडंना माझ्याकडं."

"बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. तक्रार करू."

"कायदा माझं दळान दळतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी आणि गच्चीवाले सर एसटीनं तिच्या गावी गेलो. स्टँडवरच्या बाकावर चौघं बसलेले. एकाच्या खिशातून माझं पत्रक डोकावत होतं.

"काय ताई, कात्री आनलीया का?"

सर समजावू लागले, ताप कशानं येतो, डास, साचलेलं पाणी. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, शाळा सुटली आता. घरला जावा." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही चालू लागलो. मागं एक मोटरसायकल, पहिल्या गिअरमध्ये, आमच्या चालीनं. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. तरी मी भराभर पाय उचलले. भीतीचाच देव होतो, असं मी भाषणात ठणकावून सांगते. त्या वाटेवर मला एकही वाक्य आठवलं नाही. मागं वळून बघायचंही धाडस झालं नाही.

बाईनं दार उघडलं नाही. खिडकीतूनच म्हणाली, "तुमी हितं थांबू नगा. तुमी जाशिला गाडीनं. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

आम्ही गेलो. खरंच गेलो.

आता ती बैठकीला येत नाही. अंगणवाडी रोज उघडते, झाडते, खिचडी शिजवते आणि रिकाम्या सतरंज्यांसमोर बसते. पोरं आली नाहीत तर केंद्र हलवू, असं वरून कळवलंय. म्हणजे तिचं काम जाणार. तिचा फोन आला की उचलण्याआधी मी तो चारदा वाजू देते. आला नाही तर रात्री उठून फोन बघते.

तुम्ही त्या गावचे असाल तर ते गाव कोणतं हे तुम्हाला कळलंय. मनातून तुम्हालाही कळतं की ताप तिनं आणला नाही. मग निषेध नको, मला शाबासकी तर मुळीच नको. उद्या सकाळी दहा वाजता आपलं पोर हाताला धरा आणि सगळ्यांच्या देखत तिच्या अंगणवाडीत नेऊन बसवा.