शिशाचे बैल

एका प्रतिज्ञापत्रासाठी हिंगोलीच्या कोर्टात गेलो होतो. तिथल्या कारकुनाच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक शिशाचा घोडेस्वार ठेवलेला होता, अंगठ्याएवढा. मी तो उचलून उलटा केला. खाली गोल चकती चिकटवलेली. शोभेच्या घोड्याला अशी चकती कुणी लावत नाही.

"हा खेळातला आहे ना?"

कारकुनानं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला काय माहीत?"

माहीत होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी हिंगोलीतच वसतिगृहात राहून शिकत होतो. माझ्या खोलीतला मुलगा फौजी हवालदाराचा. छावणीत कुणाकडून तरी तो हा खेळ शिकला होता. दोन खाटांवर फळी टाकायची, जत्रेतले प्लास्टिकचे शिपाई मांडायचे, कोण किती चालला ते टेपनं मोजायचं आणि गोळी लागली की चुकली ते फाशांवर ठरवायचं. आमच्या रेक्टरला फक्त फासे दिसले. जुगार म्हणून त्यांनी सगळं जप्त केलं आणि वडिलांना आमच्या बंजारा तांड्यावरून बोलावून घेतलं. वडील जीप चालवायचे. भरलेल्या सवाऱ्या सोडून आले, रेक्टरसमोर हात जोडून उभे राहिले. त्यानंतर मी फाशाला शिवलो नाही. शिकलो, गोरेगावला गणिताचा मास्तर झालो, लग्न झालं.

आणि आता हा माणूस रविवारी खोलीवर या म्हणत होता. वर, "कुणाला बोलू नका, सर."

कारकून औंढ्याचा, देवळाच्या सेवेतल्या घरातला. वयानं मोठा, म्हणून मी काका म्हणायचो. बायकामुलं औंढ्याला, हा हिंगोलीत भाड्याच्या खोलीत. दोन ट्रंकांवर जुनं दार आडवं टाकून त्यानं मुलूख केला होता: रंगवलेल्या भुशाचं गवत, निळ्या रेक्झिनची कयाधू नदी. बंद पडलेल्या छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे वितळवून शिपाई ओतलेले. अठराशे सत्तावन्न साली इथली पलटण इंग्रज साहेबाच्या बाजूनं राहिली होती. काकांच्या दारावरच्या खेळात ती साहेबावर उलटली होती, लढाई वर्षानुवर्षं लांबली होती आणि निझामाच्या मुलखाचे तुकडे झाले होते.

"घडलेलं काहून खेळायचं?" काका म्हणाले. "त्याचा शेवट ठाऊक राहतो."

मी दर रविवारी जाऊ लागलो आणि दर रविवारी हरू लागलो. मला फाशांचा संशय आला. पुढच्या खेपेला बाजारातून नवे घेऊन गेलो.

"फासे बदलले, सर?"

"व्हय."

"बराबर केलं," म्हणाले, आणि माझ्याच फाशांनी मला हरवलं.

घरी बायकोला माझा संशय. "मास्तर माणूस दर रविवारी हिंगोलीला काहून जाऊन राहिला? खिशात फासे कशाचे?" मी खरं सांगितलं. लहान लेकरू थाप मारतं तेव्हा बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

पण मला खरं खुपत होतं ते वेगळंच. काकांकडे तोफा, घोडदळ. माझ्याकडे कायम फौजेला धान्य पोचवणारा बैलांचा तांडा. एकदा ठीक, दोनदा ठीक. हा मला खेळायला बोलावतो की माझी जात मांडायला?

"काका, बैल माझ्याच वाट्याला काहून?"

ते हसले. "तुमच्या लोकांनी फौजा पोसल्या, सर. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"मी जिंदगीत बैल हाकला न्हाई. माझ्या बापाकडं जीप होती."

त्यांचं हसू गेलं. मी पिशवी उचलली आणि निघालो.

पुढचे काही रविवार घरीच काढले. मग गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी काका स्वतः जीपमधून उतरले, काखेत खोका. घर विचारत विचारत आले. बायकोनं पाणी दिलं आणि हलली नाही. काकांनी आमच्या बाजेवर पाट ठेवून फौज मांडली. बैल स्वतःच्या बाजूला घेतले.

"दुसरं कोणी मिळालं न्हाई वाटतं?" मी म्हणालो.

"नाही मिळालं," काका म्हणाले. मग शिपायांकडे बघतच, "आणि मी चुकलो पण."

पहिलं उत्तर सरळ आलं म्हणून दुसरं मी ऐकून घेतलं. घोडदळ माझं होतं. त्यांचे बैल नदीच्या उतारावर अडकले, मी बाजूनं घुसलो आणि सगळा तांडा पकडला. पहिल्यांदाच जिंकलो. आनंद व्हायच्या आधी मनात आलं, यांनी मुद्दाम सोडलं.

"काका, खरं सांगा. हरलात का मला जिंकू दिलं?"

काकांचं तोंड लाल झालं. "मी पोटच्या पोराला जिंकू दिलं नाही कधी! तुम्हाला काहून देऊ?" शिपाई भराभर खोक्यात भरले. बायकोनं आणलेला चहा तसाच ठेवून उठले.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "एवढा चिडला म्हणजे खोटं बोलत न्हाई माणूस." मलाही तसंच वाटलं.

पुढच्या रविवारी मी हिंगोलीला गेलो. दार उघडंच होतं. बैल कुणी घ्यायचे यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला बैल आले. मी चिठ्ठी उलटीपालटी करून बघितली. मग बैल मांडायला घेतले.