दोन थेंबांमधली पाच मिनिटं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना दोन बाटल्या दिल्या. आधी एकीतला थेंब, मग पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरीतला. पाचाची सहा-सात झाली तर चालतील, कमी नकोत, असंही बजावलं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ बाबांना नुसता पांढरट गोळा दिसायचं. नवरा कंपनीच्या कामाने अमेरिकेत. मी सकाळी नारायण पेठेतून निघायचे, कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचे, ती दिवेलागणीला परत. मधल्या वेळेला बाबा अंदाजाने थांबायचे, आणि तो अंदाज त्यांचा त्यांनाच पटायचा नाही.

"मी तुम्हाला एक टायमर करून देते," मी म्हटलं.

"विकत मिळत नाही का?"

"मिळतो."

"मग?"

माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची. पण तेव्हा पुण्यात कुठल्याही शाखेचा इंजिनीअर शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जाऊन बसायचा, तशी मीही बसले होते. सर्किट शेवटचं पाहिलं ते कॉलेजात, तेही मैत्रिणींच्या खांद्यांवरून. एकदा तरी काहीतरी आपल्या हातांनी चालू करावं, असं वाटत होतं बहुतेक.

शनिवारी बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेले. आठ पायांची टायमरची आयसी, म्हणजे चिप, रेझिस्टर, कपॅसिटर, बझर, बॅटरी आणि तारा खोचायला भोकाभोकांची पांढरी पट्टी मागितली.

"कॉलेजचा प्रोजेक्ट?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, घरी वापरायला."

"घरी वापरायला घड्याळं असतात," तो म्हणाला आणि सगळं पुडीत बांधून दिलं.

सर्किट सोपं होतं. बटण चालू केलं की कपॅसिटर विजेने हळूहळू भरत जाणार, पुरेसा भरला की बझर वाजणार. मी कॉलेजच्या पुस्तकातली आकृती समोर ठेवून ते जेवणाच्या टेबलावर जुळवलं, बटण दाबलं आणि लांब जाऊन बसले. वेळ झाली तेव्हा ते खरंच वाजलं. मला इतका आनंद झाला, की स्वयंपाकघरात जाऊन मी उगीचच चहा टाकला.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा गालावरून रुमाल फिरवत बसलेले.

"तुझं यंत्र माझ्यावर ओरडतं," ते म्हणाले. "पहिला थेंब घातला, बटण दाबलं, बाटली ठेवायला हात पुढे केला, की लगेच बोंब. दचकून घाईघाईत दुसरी बाटली उचलली, तर तो थेंब मिशीत गेला."

मी बटण दाबून पाहिलं. काही नाही. हात जवळ नेला. बझर किरकिरला. हात मागे घेतला तर गप्प. थोड्या वेळाने पुन्हा नेला, तर यावेळी हात काढूनही वाजतच राहिला. मी चमचा नेऊन पाहिला, लाकडी पट्टी नेऊन पाहिली. पट्टीला ते दाद देत नव्हतं. चमच्याला कधी द्यायचं, कधी नाही. बॅटरी बदलली, आयसी बदलली. तेच. ऑफिसात प्रोग्राम चुकला तर कितव्या ओळीत चुकला ते निदान स्क्रीनवर येतं. इथे कोणाला काय विचारायचं तेच कळेना. नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं.

"बंद करून परत चालू केलंस?" तो म्हणाला. तोही सॉफ्टवेअरमधलाच.

बाबांचा मात्र एक सिद्धान्त तयार होता. हाताच्या उबेने होतं, असं त्यांचं म्हणणं. मी ऑफिसात असताना त्यांनी थंड पाण्यात हात बुडवून, पुसून प्रयोग केला होता. तरीही ते वाजलं होतं, पण "जरा कमी वाजलं," असं ते ठामपणे सांगत होते. मला ते पटलंही नाही आणि खोडताही आलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, "आपण मुद्रितं तपासू या."

बाबांनी सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून केली होती. तिथे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेलं डोळ्याखालून घालायचं, अशी पद्धत. त्यांनी माझ्याकडून आकृतीतली जोडणी दोनदा वाचून घेतली आणि डोळे मिटून पाठ केली. त्यातलं त्यांना काहीही कळत नव्हतं.

"पहिला पाय?"

"ऋण बाजूला."

"दुसरा आणि सहावा?"

"एकमेकांना. आणि कपॅसिटरला."

"चौथा?"

"धन बाजूला."

"बघून सांगते आहेस, की पाठ आहे म्हणून?"

मी वाकून पाहिलं. चौथ्या पायाची तार शेजारच्या भोकात होती. म्हणजे ती कशालाच जोडलेली नव्हती. तो पाय अँटेनासारखा नुसता हवेत लटकत होता आणि जवळ येणाऱ्या हाताचं ऐकत होता. आठवडाभर मी त्याच तारेकडे बघत होते, आणि मला ती बरोबर जागीच दिसत होती.

"एक घर सरकली होती," मी म्हटलं.

"काना चुकीच्या अक्षराला," बाबा समाधानाने म्हणाले. "होतं असं."

त्यानंतर यंत्र हाताला ओरडेनासं झालं. पण एखाद्या दिवशी पाच मिनिटांनी वाजायचं, एखाद्या दिवशी चांगलं सात मिनिटांनी. कपॅसिटर गळका असावा, असं मी म्हणायचे, खात्री नव्हती. कमी मात्र कधी पडलं नाही, म्हणून आम्ही ते तसंच चालू दिलं.

डोळा छान बरा झाला. नवा चष्मा आला त्या दिवशी बाबांनी यंत्राची ती पांढरी पट्टी उचलून खिडकीपाशी नेली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. वेड्यावाकड्या तारा, आयसी, बझर. उलटी करूनही पाहिली.

"यात ती पाच मिनिटं नेमकी कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

मी कपॅसिटरवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला माहिती आहे ना नक्की?"

"पुस्तकात तसं आहे," मी म्हटलं.